चाळणीची उपमा आणि मळलेले पटल

तालुका पातळीवरच्या एका विज्ञान प्रदर्शनाला आम्ही परीक्षक म्हणून गेलो होतो. आठवीतल्या एका मुलीने पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणाची प्रतिकृती मांडली होती. मागच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'पटल म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांची चाळणी. पाणी खाली जाते, घाण वर राहते.' शेजारी चाळणीचे चित्रही होते. ते पाहून आम्ही मनातल्या मनात सुखावलो, कारण चित्र आमच्याच एका जुन्या लेखातून उतरवून घेतले होते. तेवढ्यात पाचवी-सहावीतला एक मुलगा पुढे सरकला आणि त्याने विचारले, "ताई, आमच्या घरच्या यंत्राच्या एका नळीतून सारखं पाणी वाहून जातं. आई पीठ चाळते तेव्हा पीठ कुठं वाया जातं?" मुलगी म्हणाली, "ते घाणीचं पाणी असतं." मुलगा ऐकेना. "पण घाण तर चाळणीवर राहते ना? मग ती पाणी घेऊन कशाला जाते?" मुलीने आपल्या सरांकडे पाहिले, सरांनी आमच्याकडे पाहिले आणि आम्ही घड्याळाकडे पाहिले.

त्या मुलाला द्यायचे राहून गेलेले उत्तर पुढे येईलच. त्याआधी ज्या उपमेने आमची अडचण केली तिची झडती घेतली पाहिजे. ही चाळणी जाहिरातींत आहे, प्रदर्शनाच्या फलकांवर आहे, व्याख्यानांत आहे आणि आमच्यासारख्यांच्या लेखांत तर आहेच. ती मुलांना चटकन पटते, म्हणून ती कुठे चुकते हे पाहायला कोणी थांबत नाही. उपमा अपुरी आहे ही आमची तक्रार नव्हे. उपमा अपुरीच असायची. पण ही उपमा डोक्यात घेऊन जो माणूस यंत्रासमोर उभा राहतो, तो यंत्राला मारक ठरेल असेच वागतो, अशी आमची तक्रार आहे.

आधी तिचे श्रेय तिला देऊ. १९९३ च्या मार्च-एप्रिल महिन्यांत अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून जुलाबाची मोठी साथ पसरली. आजारी पडलेल्यांची संख्या ४,०३,००० असावी असा अंदाज पुढे मांडला गेला. कारण होते क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एकपेशीय परजीवी. त्याचे कवचबंद रूप साधारण ४ ते ६ मायक्रॉन आकाराचे असते. पाण्यात नेहमी घालतात तेवढ्या क्लोरीनला ते दाद देत नाही आणि वाळूच्या गाळणीतून निसटू शकते. पटलांचा वापर त्याआधीच सुरू झाला होता. कोलोरॅडोतल्या कीस्टोन येथे १९८७ साली आणि फ्रान्समधल्या अमोंकूर येथे १९८८ साली पिण्याच्या पाण्यासाठी अशी लहान केंद्रे उभी राहिली होती. मिलवॉकीनंतर मात्र या तंत्राला जोर आला. ज्या पटलाची छिद्रे ०.२ मायक्रॉनची आहेत, त्यातून ५ मायक्रॉनचा जीव जाणार नाही हे सांगायला गणित लागत नाही. इथे चाळणीची उपमा शब्दशः खरी आहे.

पण ती एकाच प्रश्नाचे उत्तर देते. नव्या कोऱ्या, धड असलेल्या पटलातून काय जाईल आणि काय जाणार नाही, एवढाच तो प्रश्न. जलशुद्धीकरण केंद्र चालवणाऱ्या माणसाचा प्रश्न निराळा असतो. हेच पटल हजाराव्या दिवशी किती पाणी देईल, आणि तेवढ्यासाठी पंपाला किती दाब द्यावा लागेल, हे त्याला हवे असते. इथेच घोडे पेंड खाते.

केंद्रातले पटल कसे असते ते थोडक्यात पाहू. मायक्रोफिल्ट्रेशन आणि अल्ट्राफिल्ट्रेशन या दोन प्रकारांत ते बहुधा शेवयांसारख्या पोकळ धाग्यांच्या रूपात असते. धागा साधारण एक मिलिमीटर जाडीचा. असे हजारो धागे एका नळकांड्यात बसवलेले असतात. धाग्याची भिंत हेच पटल. पाणी एका बाजूने दाबायचे, दुसऱ्या बाजूला गाळलेले पाणी गोळा करायचे. अर्ध्या-पाऊण तासाने अर्धा-एक मिनिट उलट्या दिशेने पाणी सोडून धागे धुऊन घ्यायचे. एक चौरस मीटर पटलातून तासाला ६० लिटर पाणी काढले, तर तो मध्यम वेग म्हणता येईल.

आता एक हिशेब करू. पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम गाळ आहे असे समजा. अर्ध्या तासात एका चौरस मीटरमधून ३० लिटर पाणी जाईल आणि ३०० मिलिग्रॅम गाळ त्यावर बसेल. मातीची घनता लक्षात घेतली आणि थरातली निम्मी जागा मोकळी धरली, तर या थराची जाडी भरते सुमारे पाव मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीचा जवळजवळ तीनशेवा भाग. एवढ्याशा थराने काय होणार, असे कोणालाही वाटेल. उत्तर गाळाच्या वजनावर अवलंबून नाही, कणांच्या आकारावर आहे. कणांच्या थरातून वाहणाऱ्या पाण्याला होणारा रोध कणांच्या व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. कण ०.१ मायक्रॉनचे असतील तर आमच्या हिशेबाने या थराचा रोध स्वच्छ पटलाच्या रोधाच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याएवढा येतो. तोच गाळ, तेवढ्याच वजनाचा, पण ०.०१ मायक्रॉनच्या कणांचा असेल तर रोध शंभरपट वाढतो आणि जवळजवळ पटलाएवढाच होतो. आम्ही कण गोल आणि टणक धरले, खरे कण तसे नसतात, हे कबूल. पण हिशेबाची दिशा बदलत नाही. चाळणी सांगते की मोठे खडे अडकतात आणि बारीक पीठ त्रास न देता निघून जाते. पटलाचे दुखणे बारीक पिठातच असते.

याहूनही बारीक वस्तू पटलाच्या छिद्रातून आरपार जाऊ शकतात. चाळणीच्या न्यायाने त्यांचा विचार करायचे कारणच नाही. पण त्यांतल्या काही जाता जाता छिद्राच्या भिंतीला चिकटतात. अरुंद नळीतून वाहणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो, हा पॉइसिलचा नियम बारावीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. त्रिज्या दहाच टक्क्यांनी कमी झाली तर ०.९ चा चौथा घात, म्हणजे ०.६६. प्रवाह एका फटक्यात एक तृतीयांशाने घटला! छिद्र तुंबलेले नाही, त्यात कोणताही खडा अडकलेला नाही, आणि उलट्या पाण्याने धुतले तरी भिंतीला चिकटलेले निघत नाही. म्हणून 'पटल तुंबले' या शब्दप्रयोगालाही आमची हरकत आहे. 'पटल मळले' म्हणावे. कापड जसे मळते तसे ते मळते, आणि कापडाप्रमाणेच कोणता डाग कशाने जाईल हा प्रश्न पुढे उभा राहतो.

हा मळ येतो कुठून? नदी-तलावांच्या पाण्यात त्याचा मोठा वाटा शेवाळे आणि जिवाणू यांनी सोडलेल्या लांबलचक रेणूंचा असतो. त्यांत शर्करांच्या साखळ्या असतात, प्रथिने असतात. सब्जाचे बी भिजत घातले की त्याभोवती जो बुळबुळीत, पारदर्शक थर धरतो, तो डोळ्यांसमोर आणावा. असले पदार्थ पाण्यात लिटरमागे एखादा मिलिग्रॅम असले तरी पटलावर त्यांचा जेलीसारखा थर बसतो. पाण्यातले कॅल्शियम दोन साखळ्यांच्या मध्ये दुवा बनून तो थर आणखी घट्ट करते. गंमत अशी की हे पाणी काचेच्या पेल्यात धरले तर स्वच्छ दिसते. तेव्हा जुलै महिन्यातल्या तांबड्या पाण्यावर रडतखडत का होईना चालणारे पटल उन्हाळ्यात, शेवाळे माजलेल्या तलावाच्या नितळ पाण्यावर लवकर मान टाकू शकते. 'पाणी गढूळ तेवढा त्रास अधिक' हे चाळणीने शिकवलेले अनुमान इथे फसते.

आपल्याकडच्या बायका माठात तुरटी फिरवत, काही भागांत निवळीचे बी उगाळून घालत. तेच काम केंद्रात पटलाच्या आधी करतात. तुरटीने बारीक कण एकत्र येऊन त्यांचे पोकळ, भुसभुशीत पुंजके होतात आणि सेंद्रिय मळाचाही काही भाग त्यांत ओढला जातो. पटलावर बसणाऱ्या गाळाचे वजन यामुळे कमी होत नाही, उलट तुरटीचा साका मिळून थोडे वाढतेच. तरीही पाणी अधिक सहज जाते, कारण कण मोठे झाले. घाणीत भर घातली आणि गाळणे सोपे झाले, हे चाळणीच्या भाषेत सांगून दाखवावे!

आता दाबाविषयी. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या आंरी दार्सी यांनी १८५६ साली वाळूच्या थरातून पाणी कसे वाहते याचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांचा नियम पटलालाही लागू पडतो. दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट, रोध दुप्पट झाला तर प्रवाह निम्मा. विजेतल्या ओहमच्या नियमाचे हे भावंडच. पण ओहमच्या तारेचा रोध आपण विद्युतदाब वाढवला म्हणून लगेच वाढत नाही. पटलावरच्या थराचा वाढतो. पाणी जोरात खेचले की मळ अधिक वेगाने पटलाकडे ओढला जातो आणि जेलीसारखा थर दाबला जाऊन आणखी घट्ट होतो. कणाला पटलाकडे नेणारा प्रवाह आणि त्याला परत पाण्यात विखरणारी हालचाल यांच्यात सतत ओढाताण चालू असते. रॉबर्ट फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली अशी कल्पना मांडली की प्रवाहाची एक मर्यादा असते. तिच्या खाली राहून पाणी काढले तर पटल कालांतराने मंदावत नाही आणि ती ओलांडली की मळणे सुरू होते. खऱ्या पाण्यात ही रेषा इतकी स्वच्छ आखता येत नाही, कारण चिकटणारे पदार्थ मंद प्रवाहातही चिकटतातच. तरी कामाला लागणारे शहाणपण तीत आहे. आज थोडे कमी घेतले तर पुष्कळ दिवस मिळत राहते.

हे शहाणपण नसले म्हणजे काय होते ते आम्ही पाहिले आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथले भूजल खारट. अशाच एका गावात आर.ओ. यंत्राची खोली कुलूप लावून बंद होती. गावकऱ्यांनी किल्ली आणून दाखवली. आत भिंतीला दोरीने बांधलेली वही होती. तारीख, दाब, गोड पाणी, वाहून गेलेले पाणी असे रकाने कोणीतरी नीट आखले होते. पहिले दीड महिना रोजच्या नोंदी होत्या, पुढे आठवड्याला एक, मग कोरी पाने. जेवढ्या नोंदी होत्या त्यांतूनही गोष्ट स्पष्ट वाचता येत होती. गोड पाणी कमी झाले की दाब वाढवलेला, काही दिवस पाणी पूर्ववत, पुन्हा घट, पुन्हा दाब. यंत्र सांभाळणारा तरुण प्रामाणिक होता. तो म्हणाला, "सर, चाळणी बसली की जोर लावायचा आणि अगदीच बंद पडली की नवी टाकायची, असं आम्हाला सांगितलं होतं." नव्या पटलाचे पैसे पंचायतीजवळ नव्हते. गाव पुन्हा विहिरीवर आणि टँकरवर आले होते. त्या तरुणाला सांगणारा कोण होता याची आम्ही चौकशी केली नाही. त्याने कदाचित आमचाच लेख वाचला असेल.

खारपाणपट्ट्यातले यंत्र आर.ओ.चे, म्हणजे व्यस्त परासरणाचे. तिथे तर चाळणीची उपमा मुळातच लंगडी पडते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचे असे पटल बनवले की ज्याची मीठ अडवणारी साय अत्यंत पातळ होती आणि तिला खालून सच्छिद्र थराचा आधार होता. आधीची पटले मीठ अडवत, पण पाणी थेंबाथेंबाने देत. १९६५ साली त्याच राज्यातल्या कोअलिंगा या गावाला खाऱ्या पाण्यापासून पिण्याचे पाणी देणारे केंद्र या पटलावर चालू झाले. या सायीतून पाणी कसे जाते याविषयी शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. पाणी पटलात विरघळते आणि पलीकडे झिरपते, छिद्रे अशी नसतातच, हे मत अनेक दशके पाठ्यपुस्तकांत होते. २०२३ साली मेनाकेम एलिमेलेक यांच्या गटाने, रेणूंच्या साखळ्यांमधल्या अतिसूक्ष्म पोकळ्यांतून पाणी दाबामुळे वाहते, असा युक्तिवाद सप्रयोग मांडला. कोणताही पक्ष खरा ठरो, सोडियमचा आयन आणि पाण्याचा रेणू यांना नुसत्या आकारावरून वेगळे करणारी चाळणी तिथे नाही.

आणि आता त्या मुलाचे उत्तर. चाळणीवरचा कोंडा कोरडा पडून राहतो. मीठ पाण्यात विरघळलेले असते. त्याला राहायला पाणीच लागते. १०० लिटर खारे पाणी आत घेतले आणि ५० लिटर गोडे काढले, तर उरलेल्या ५० लिटरांत सगळे मीठ, म्हणजे दुप्पट खारटपणा. ७५ लिटर काढले तर चौपट, ९० काढले तर दसपट. पटलाला अगदी लगटून असलेल्या पाण्यात तर खारटपणा याहूनही जास्त, कारण गोडे पाणी पलीकडे जाते आणि मीठ मागे साचत राहते. एका मर्यादेनंतर कॅल्शियम कार्बोनेट आणि कॅल्शियम सल्फेट पाण्यात मावेनासे होतात आणि पटलावरच दगडासारखे जमतात, पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरे पापुद्रे धरतात तसे. नळीतून वाहून जाणारे पाणी हे पटल सतत धुणारे पाणी असते. मोठ्या केंद्रात क्षार जमू न देणारी रसायने मोजून घालतात आणि पाण्याच्या जातीवर लक्ष ठेवतात, म्हणून खाऱ्या भूजलातून ७५ टक्के किंवा अधिक पाणी मिळवता येते. घरच्या यंत्राजवळ तसे कोणी बसलेले नसते, म्हणून ते पाणी उधळून पटल वाचवते. ही उधळपट्टी टोचते हे खरे, आणि ज्या घरी मुळात गोडे पाणी येते तिथे आर.ओ. बसवणेच चूक. पण 'पाणी वाचवा' म्हणून ती नळी चिमटीने आवळण्याचे 'प्रकल्प' आम्ही प्रदर्शनांत पाहिले आहेत, एकाला तर बक्षीसही मिळाले होते. चाळणी मनात असली की असे प्रकल्प सुचतात.

उपमेचा शेवटचा दोष धुण्याचा. चाळणी झटकली की झाले. पटलाच्या बाबतीत मळ ओळखून औषध द्यावे लागते. सेंद्रिय थराला कॉस्टिक सोड्यासारखे अल्कधर्मी द्रावण लागते. लोह, मँगॅनीज आणि क्षार यांना आम्ल लागते. लोहासाठी सायट्रिक आम्ल विशेष सोयीचे, कारण ते लोहाच्या आयनाला चिमटीत धरून द्रावणात ठेवते. बऱ्याचदा अल्क आधी आणि आम्ल नंतर असा क्रम पाळतात, कारण आम्लाने सेंद्रिय थर कधी कधी आणखी घट्ट बसतो. जिवाणूंसाठी हायपोक्लोराइट वापरतात, पण ते सोसणारे पटल पाहिजे. अल्ट्राफिल्ट्रेशनचे पी.व्ही.डी.एफ. या बहुवारिकाचे धागे ते बरेच सोसतात. आर.ओ.ची आजची पॉलिअमाइडची साय मात्र मोकळ्या क्लोरीनने खराब होते. म्हणून तिच्या आधी क्लोरीन काढून टाकावा लागतो, आणि क्लोरीन गेला की राखण गेली. उरलेसुरले जिवाणू ओलसर, अन्नाने भरलेल्या पटलावर वसाहत करतात. हजारातला एखादा जिवाणू वाचला तरी तो वाढतो. चाळणीवरचा कोंडा रात्रीतून दुप्पट होत नाही. (शिक्षकांना इथेच एक सूचना. आम्ल आणि हायपोक्लोराइट कधीही एकत्र येऊ देऊ नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. घरातले फरशी धुण्याचे ॲसिड आणि विरंजक द्रावण यांनाही हे लागू आहे.)

शिवाय प्रत्येक धुण्याने पटल थोडे झिजते, जसा सदरा अंगावर कमी आणि धोब्याच्या दगडावर जास्त फाटतो. फार उशिरा धुतले तर मळ पक्का होतो, फार वेळा धुतले तर आयुष्य कमी होते. केंद्रावरच्या माणसाचे खरे कसब या दोहोंमधली वेळ साधण्यात आहे. झिजून एखादा धागा तुटलाच तर तो शोधायची पद्धत सायकलच्या दुकानातली आहे. ओल्या पटलावर एका बाजूने हवेचा दाब द्यायचा. धड छिद्रांतले पाणी पृष्ठताणामुळे हवेला वाट देत नाही. तुटलेल्या धाग्यातून मात्र हवा निसटते आणि दाब उतरतो. पंक्चरवाल्याची पाण्याची परातच म्हणा.

आमचे एक शिक्षक मित्र म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण सातवीच्या मुलाला काय सांगू? चाळणी निदान समजते तरी." हरकत रास्त आहे. सूक्ष्मजंतूंविषयी बोलताना चाळणी खुशाल वापरावी. मात्र त्याच तासाला मुलांच्या हाती एक प्रयोग द्यावा, म्हणजे उपमेची हद्द त्यांना आपोआप दिसेल.

सारखे तीन पेले पाणी घ्यावे. दोन पेल्यांत काळ्या मातीचे चिमूट चिमूट गढूळ करावे, त्यांतल्या एकात तुरटी ढवळावी. तिसऱ्यात माती नको, दोन चमचे भाताची पेज घालावी. नरसाळ्यात प्रत्येक वेळी नवा गाळणकागद घालून पाणी ओतावे आणि नरसाळ्यातली पातळी शक्यतो सारखी ठेवावी. खाली दर १० मिलिलिटर जमले की वेळ लिहून ठेवावी. आठवीच्या पुढच्या मुलांनी एकूण वेळेला एकूण आकारमानाने भागून येणारा आकडा आकारमानासमोर मांडावा. थर नियमाने वाढत असेल तर बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतात आणि रेषा जितकी उभी तितका थराचा रोध जास्त. मातीच्या पाण्याचे पहिले थेंब बहुधा गढूळ निघतात आणि नंतरचे त्याहून निवळ. असे का, हे मुलांनाच विचारावे. कागद तर तोच आहे. मग नंतर गाळते आहे कोण?

हाच प्रयोग एकदा डिसेंबरच्या पहाटेच्या गार पाण्याने आणि एकदा दुपारच्या पाण्याने करावा. पाण्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा त्याचा स्वतःचा विरोध, ३० अंश सेल्सिअसला जेवढी असते त्याच्या सुमारे १.६ पट १० अंशांना असते. तेवढ्याच दाबाला गार पाणी सुमारे ४० टक्के कमी मिळते, आणि त्यात मळाचा काडीइतका दोष नसतो. त्या बंद खोलीतल्या वहीत दाबाचा रकाना होता, प्रवाहाचा होता, तापमानाचा नव्हता. नोंदी सुरू झाल्या होत्या ऑक्टोबरच्या शेवटी. थंडी वाढत गेली तसे पाणी घटत गेले आणि त्या तरुणाने पहिल्यांदा दाब वाढवला तो डिसेंबरात. त्या दिवशी पटल कदाचित मळलेलेच नव्हते.